व्हॅटिकनची टेकडी आणि तिची हद्द

अवघ्या ४४ हेक्टरांचा देश. त्याला नदी नाही, तळे नाही, किनारा तर नाहीच. चारी बाजूंनी इटली, म्हणजे खरे तर एकटे रोम शहर. व्हॅटिकन सिटीची वाकडीतिकडी हद्द इटली आणि पोपची सत्ता यांच्यातील १९२९ च्या लॅटरन कराराने ठरवली असे सांगतात. पण करार करणाऱ्यांसमोर तिचा बराचसा भाग आधीच दगडाविटांत बांधून तयार होता.

रोमच्या प्रसिद्ध सात टेकड्या टायबर नदीच्या पूर्वेला. व्हॅटिकनची टेकडी पश्चिम तीरावर आणि त्या सातांत तिची गणती नाही. प्राचीन रोमनांच्या लेखी हा भाग शहराबाहेरचा, सखल आणि रोगट हवेचा. इथल्या वाइनची मार्शल या कवीने यथेच्छ टिंगल केली आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इथल्या अजस्र सापांविषयी लिहिलेले मात्र जरा जपूनच वाचावे. इ.स. ६९ मध्ये सम्राट व्हिटेलियसच्या सैन्याने इथे तळ दिला, तेव्हा शिपाई पटापट मेले, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवले आहे.

तरीही पहिल्या शतकात थोरल्या ॲग्रिपिनाच्या बागा इथेच होत्या. तिचा मुलगा सम्राट कॅलिगुला याने तिथे रथांच्या शर्यतींचे मैदान सुरू केले आणि त्यासाठी इजिप्तहून एकसंध दगडी स्तंभ आणवला. शेजारच्या उतारावर दफनभूमी वाढत गेली. येशूचा शिष्य आणि पहिला पोप मानल्या जाणाऱ्या संत पीटरची कबर याच उतारावर, अशी परंपरा. या श्रद्धेमुळे टेकडीचा आकारच बदलला. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनला चर्च नेमके त्या कबरीवर हवे होते, आणि तिथे सपाट जागा नव्हती. मग उत्तरेकडचा चढ कापला, दक्षिणेकडे भराव टाकला आणि त्याखाली थडगी जशीच्या तशी गाडली गेली. १९४० च्या दशकातील उत्खननात ती पुन्हा सापडली. सोयीची सपाट जागा सोडून कलत्या उतारावर एवढा खटाटोप केला, यावरून त्या जागेचे मोल कळते.

तट आले ते भीतीपोटी. ८४६ मध्ये अरब हल्लेखोरांनी चर्च लुटले; पोप चौथ्या लिओने ८५२ पर्यंत भोवती तटबंदी उभारली. सोळाव्या शतकात तोफांचा विचार करून बुरूजांचे नवे तट झाले. टेकडीच्या पश्चिम अंगाची आजची हद्द मुख्यतः त्यांनाच धरून जाते. आत निम्म्याहून अधिक जमीन बागांची. पूर्वेच्या सेंट पीटर्स चौकापाशी सुमारे १९ मीटर असलेली उंची तिकडे ७५ मीटरांच्या आसपास पोहोचते.

पूर्वेला मात्र तट नाही. तिथे सेंट पीटर्स चौक उघडा आहे. तो व्हॅटिकनचा, पण करारानुसार लोकांना खुला आणि एरवी इटालियन पोलिसांच्या देखरेखीखालचा. हद्दीत नदी-तळे नसल्याचा विचारही करारात आहे: पुरेसे पाणी पुरवण्याची आणि रेल्वेमार्ग जोडून देण्याची जबाबदारी इटलीने घेतली.