मोठ्या झाडांखालील लागवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स यांसारख्या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील अंगणांत कडुनिंब, आंबा, जांभूळ किंवा चिंच यांपैकी एखादे मोठे झाड बहुधा असतेच, आणि त्याच्या खाली काहीच जगत नाही अशी तक्रार घेऊन अनेक ग्राहक आमच्या रोपवाटिकेत येतात. सावलीत चालेल असे रोप द्या, एवढीच त्यांची मागणी असते. आमचा अनुभव मात्र असा आहे की, अशा जागी रोप मरते ते बहुतेक वेळा उजेडाअभावी मरत नाही, पाण्याअभावी मरते. म्हणून या पत्रकात रोपांच्या नावांआधी मुळे आणि माती यांविषयी लिहिले आहे. तो भाग गाळून थेट नावांकडे जाऊ नये, ही विनंती.

मुळे, माती आणि पाणी

मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे फार खोल नसतात. ती बहुतांशी वरच्या दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. आपण नव्या रोपासाठी आळे करतो ते नेमके याच थरात, आणि त्यात घातलेले पाणी व शेणखत यांवर काही महिन्यांतच झाडाची मुळे हक्क सांगू लागतात. शिवाय आंब्यासारख्या दाट झाडाखाली पावसाची हलकी सर जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ती पानांवर अडते आणि तेथेच वाळून जाते. जुलै महिन्यात अंगणात चिखल झालेला असताना खोडापासून दोन हातांवरची माती बोटाने उकरून पाहावी. ती आतून कोरडी निघाल्यास आश्चर्य वाटू नये.

आपल्याकडील काळी माती यात भर घालते. ती उन्हाळ्यात भेगाळते व भेगांबरोबर रोपांची कोवळी मुळे तुटतात, आणि पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते. या मातीत घमेलेभर कन्हानची रेती मिसळल्याने फारसे काही साधत नाही. त्याऐवजी कुजलेला पाला आणि गांडूळखत दरवर्षी थोडेथोडे घालत राहिल्यास दोन-तीन पावसाळ्यांत माती हाताला वेगळी लागू लागते.

झाडाभोवती विटांचा पार बांधून त्यात फूटभर नवी माती भरण्याचा उपाय अनेकांना सुचतो. तो कृपया करू नये. मुळांना हवा लागते; वर मातीचा जाड थर पडला की ती गुदमरतात आणि मातीत गाडलेली खोडाची साल कुजू लागते. झाड लगेच वाळत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, आणि तोपर्यंत पार कोणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो. असे काम आम्ही स्वीकारत नाही.

खड्डा कुदळीने न खणता खुरप्याने मुळांमधील मोकळी जागा शोधावी, आणि अंगठ्याएवढे जाड मूळ लागल्यास ते न तोडता जागा बदलावी. अशा ठिकाणी लहान पिशवीतील रोपच घ्यावे. मोठ्या पिशवीतील डेरेदार रोपाची किंमत आम्हाला अधिक मिळते हे खरे. परंतु त्याला मोठा खड्डा लागतो, झाडाची मुळे अधिक तुटतात आणि रोपही उशिरा रुजते. मुळांची जाळी फारच दाट असेल, तर खणण्याचा हट्ट सोडून मातीच्या कुंड्या मांडणे उत्तम.

गळलेला पाला झाडून टाकू नये. तीन-चार बोटे जाडीचा थर रोपांभोवती ठेवल्यास ओल टिकते. मात्र खोडापासून एक वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे साल ओली राहणार नाही आणि वाळवी चढू लागल्यास वेळीच दिसेल.

सावली कशी आहे ते पाहणे

प्रत्येक झाडाची सावली निराळी असते. आंब्याखाली वर्षभर दाट सावली असते, तर उंच कडुनिंबाखाली उजेड गाळून आल्यासारखा येतो. गुलमोहराखाली विशेष काळजी घ्यावी लागते, कारण ऊन कडक होऊ लागते त्याच सुमारास तो निष्पर्ण होतो आणि खालची नाजूक पाने करपतात.

सूर्याचा कलही लक्षात घ्यावा. मेअखेरीस नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो व सावली झाडाखालीच पडते. डिसेंबरात तो भरदुपारीही क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवरच राहतो, त्यामुळे सावली झाडाच्या उंचीइतकी लांब होऊन उत्तरेकडे जाते आणि खोडाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात तिरपे ऊन शिरते. कडुनिंबाच्या दक्षिणेला हिवाळ्यात मेथी-कोथिंबिरीचा छोटा वाफा करता येतो तो यामुळेच. उलट मे महिन्यात, पारा 45 अंशांपलीकडे गेलेला असताना, हीच सावली रोपांना वाचवते. इतरत्र उन्हात ठेवावी असे सांगितले जाणारी कितीतरी रोपे नागपुरात नवतपाच्या दिवसांत झाडाखाली हलवावी लागतात.

कोणती रोपे लावावीत

आमची पहिली पसंती हळदीला आणि आंबेहळदीला आहे. पावसाच्या तोंडावर कंद लावावेत, पावसाळाभर रुंद पानांची हिरवाई मिळते, हिवाळ्यात पाने वाळली की कंद काढता येतात, आणि पाण्याचा खरा ताण असतो त्या काळात जमिनीवर सांभाळण्यासारखे काही उरत नाही. सावलीत कंदांचे उत्पन्न कमी येईल, पण घरापुरते निघते. मोरीचे किंवा नळाचे पाणी जेथे झिरपते तेथे अळू लावावे. कुंपणाच्या बाजूस अडुळसा चांगला होतो व त्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. नागवेलीचा प्रयोगही करून पाहावा. पानमळ्यांतून तिला मुद्दाम सावलीतच वाढवतात, फक्त ओल सतत हवी आणि पाणी साचता कामा नये.

शोभेच्या रोपांपैकी कोरड्या सावलीत स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि रोइओ ही सर्वांत भरवशाची आहेत. गुलमोहराखाली रोइओच लावावा. सिंगोनियम, मनीप्लांट, स्पायडर प्लांट आणि एरिका पाम यांना नियमित पाणी लागते, तर नेचे केवळ रोज पाणी देणाऱ्यांनीच घ्यावेत. स्पायडर लिली सावलीत जगते, परंतु फुले कमी देते. क्रोटनचे रंग फिके पडतात, म्हणून तो या कामासाठी आम्ही सुचवत नाही. डिफेनबाखियाचा चीक तोंडात गेल्यास आग होते, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी तो टाळावा.

आंब्याखाली लॉन मागितले जाते. एका जुन्या बंगल्यात आम्ही आग्रहाखातर ते लावून दिले होते आणि पहिला पावसाळा सरताच ते विरळ होऊन संपले. चूक आमचीच होती. हरळीच्या जातीच्या गवताला भरपूर ऊन लागते. तेथे विटा वा फरशीचे तुकडे सुटे मांडून त्यांच्या फटींत रोइओ लावणे अधिक शोभून दिसते.

आंबा मोहरावर असताना तुडतुड्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. हा खालच्या रोपाचा रोग नाही. पाने पाण्याने धुऊन काढली की पुरे.

उजेडासाठी फांद्या छाटावयाच्या असल्यास आधी महानगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारणा करावी. महाराष्ट्रातील शहरी भागांत झाडांच्या संरक्षणासाठी 1975 चा कायदा लागू आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड स्वतःच्या अंगणात असले तरी परवानगी लागते.

लागवड मृगाचा पाऊस पडल्यावर करावी. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही ती करून देत नाही. पहिले वर्षभर, पावसाने उघडीप दिली तरीही, रोपाच्या बुंध्याशी सावकाश पाणी द्यावे. ठिबकची नळी असल्यास उत्तम. कूलरच्या टाकीतील तळाचे पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु पाणी उडून जाताना क्षार मागे राहतात आणि ते दिवसेंदिवस साचत जातात, म्हणून ते पाणी नव्या रोपांना देऊ नये. रोपे घेण्यासाठी येताना झाडाचे नाव आणि त्याखालच्या जागेची सकाळी, दुपारी व सायंकाळी काढलेली तीन छायाचित्रे आणावीत.