जुनी एसयूव्ही घेताय? आधी ती थंड असताना बघा

आम्ही गाड्या विकत नाही, फक्त तपासून देतो. त्यामुळे तुमचा सौदा जमला काय आणि फिसकटला काय, आम्हाला फरक पडत नाही. रोज येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अमुक मॉडेल टिकाऊ आहे का हो?" मॉडेलचं नाव चांगलं असलं तरी समोर उभी असलेली गाडी कशी वापरली गेलीय, त्यावर सगळं ठरतं. हायवेवर दोन लाख किलोमीटर फिरलेलं, वेळच्या वेळी ऑइल बदललेलं इंजिन आमच्या लिफ्टवर ठणठणीत निघतं. त्याच मॉडेलचं, शहरातल्या शहरात रखडलेलं डिझेल सत्तर हजारांतच धापा टाकताना दिसतं.

सेल्फ आमच्यासमोर मारा

मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवायचा. एकदा आम्ही गेलो तेव्हा मालक म्हणाले, "दोन दिवस जागची हलली नाही." बॉनेट मात्र चांगलंच तापलेलं होतं. आम्ही काही न बोलता परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पुन्हा गेलो. सेल्फ मारताच इंजिनच्या पुढच्या अंगाने साखळी आपटल्यासारखा खडखडाट झाला. तीन-चार सेकंद, मग चिडीचूप. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, सैल झाली होती. ऑइलचा दाब तयार झाला की टेन्शनर चेन ताणून धरतो आणि आवाज थांबतो. गरम इंजिनात दाब लगेच तयार होतो, म्हणून अशी गाडी दाखवण्याआधी गरम करून ठेवतात.

थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरकडेही एकाने उभं राहावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजेक्टर, टर्बोचा फाटका पाइप, काहीही असू शकतं. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येतेच, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचा, संशय घ्या.

आता डिपस्टिक. ऑइल कमी असलं की सगळे घाबरतात, पण डिझेल एसयूव्हीत ते वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर जास्त काळजी करा. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, मधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी तो सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि ते करायला इंजिन जादा डिझेल सोडतं. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम अर्ध्यावर तुटतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, टर्बो आणि बेअरिंग झिजतात. डिपस्टिक नाकाशी धरा, डिझेलचा वास लपत नाही. तुमचं रोजचं येणंजाणं तेवढंच असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे: पेट्रोल घ्या.

चार टायर, चार कंपन्या

चारही चाकांना सतत ताकद जाणाऱ्या गाडीत टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा कमीजास्त झिजलेले असले, तर त्यांचा घेर सारखा राहत नाही. मग पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं मधलं डिफरेन्शियल किंवा कपलिंग सरळ रस्त्यावरही फरक भरून काढत बसतं आणि तापतं. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

लिव्हर किंवा बटणाने फोर-बाय-फोर लावायची सोय असेल तर ते लावून बघाच, पण मातीवर किंवा खडीवर. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि जखडलेली यंत्रणा पिळली जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना टकटक ऐकू आली, तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड मात्र झिजायचेच. त्यासाठी गाडी नाकारू नका, भाव कमी करून मागा.

शिडीच्या आकाराच्या चेसिसवरची गाडी असेल तर खाली वाकल्याशिवाय पैसे मोजू नका. गंज आतून बाहेर येतो. सगळी गाडी जुनी आणि चेसिसवर तेवढा ताजा काळा रंग, हे आम्हाला गंजापेक्षा जास्त खटकतं. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीट कव्हर बदलतात, गालिचा धुतात, पण बेल्टच्या टोकाला सुकलेला गाळ तसाच राहतो.

स्कॅनर लावल्यावर एकही दोष दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. दोषांचे कोड आदल्या रात्री पुसता येतात. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच फिरवावी लागते. आम्ही आधी तेच बघतो. मीटर मागे घेतल्याचा संशय असेल, तर मीटरवरचा आकडा आणि बाकीच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेले आकडे ताडून बघतो.

चेसिस नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत, म्हणजे दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत, तपासणंही आम्ही तपासणीतच धरतो. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं स्फोटक उष्णता आणि दमट हवेने वर्षानुवर्षांत बिघडतं, एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडतात. जगभरात कोट्यवधी एअरबॅग परत मागवल्या गेल्या, तरी न बदललेल्या अजून रस्त्यावर आहेत. त्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत बदलून मिळतात.

तपासणीला येताना सर्व्हिसची बिलं आणि दोन्ही किल्ल्या मागून घ्या. गाडी आदल्या रात्रीच आमच्याकडे लावता आली तर उत्तम, सकाळचा पहिला सेल्फ आम्हीच मारू. आणि टोकन त्यानंतर द्या.