तळ सडला म्हणजे जीप गेली असं नव्हे

जुनी महिंद्रा जीप दारात उभी असली की येणारा-जाणारा एकच सल्ला देतो. पायाखालचा पत्रा सडलाय, ब्रेकच्या पेडलशेजारून रस्ता दिसतो, आता भंगारात घाला आणि थार घ्या. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. तो आयुष्यभर मारुती ८००, सँट्रो, स्विफ्ट चालवत आलेला असतो आणि त्या गाड्यांपुरतं त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. जीपच्या बाबतीत ते साफ चूक आहे. या चुकीपायी चांगल्या गाड्या किलोच्या भावाने गेलेल्या मी पाहिल्यात, आणि खालून संपलेल्या गाड्या नुसत्या रंगावर भुलून लाखांनी घेतलेल्याही.

कारचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हल्लीच्या बहुतेक कारना वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, नसते. तळ, खांब, छप्पर, दाराखालची पट्टी हे सगळं जोडून एक पेटी होते आणि तीच भार पेलते. तळ कुजला की कणाच कुजला. डस्टर दिसायला कितीही दांडगी असली तरी तिची रचनाही हीच.

जीपमध्ये खाली पोलादाची शिडी असते, तीच चासी. दोन लांब बाजूपट्ट्या, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), स्टिअरिंग बॉक्स सगळं या शिडीला धरून. तुम्ही बसता तो टप म्हणजे वर बोल्टने कसलेला पत्र्याचा डबा. टेम्पोचा हौदा बदलला म्हणून कोणी टेम्पो बदलला म्हणत नाही, तसंच हे. सीजे ३बी, एमएम ५४०, जिप्सी, स्कॉर्पिओ, आजची थार आणि जिम्नी, सगळ्या याच जातीच्या. टप सडला तर तो पत्र्याचा खर्च. चासी सडली तर गाडीच संपत आली. गोची अशी, की टप सडलेला बसल्या जागी दिसतो आणि चासी बघायला चिखलात पाठ टेकावी लागते.

माझ्या मामाची एमएम ५४० गुहागरला बारा पावसाळे नारळाच्या झापांखाली उभी होती. खारा वारा, वर गळणारं छप्पर. टप असा कुजला होता की मागच्या सीटखालून कोंबडी आत-बाहेर करायची. सगळ्यांनी ती मेली असंच धरलं होतं. मी खाली शिरलो तर चासीवर बोटभर काळा थर. पत्र्याच्या तुकड्याने खरवडला तर आत स्वच्छ लोखंड! गिअरबॉक्स आणि इंजिन वर्षानुवर्षं गळत होते, ते तेल धुळीत कालवून चासीला लेप बसला होता. मामा म्हणाला, "गळते गळते म्हणून जन्मभर शिव्या घातल्या रे, आणि त्यानेच वाचवली." फक्त मागची शेवटची आडवी पट्टी, जिथवर तेल पोचत नव्हतं, ती बदलावी लागली.

दुसरी गाडी एका मित्राने पुण्यात घेतलेली. लखलखीत हिरवा रंग, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, क्रोमचा बंपर (याचं मला कायम हसू येतं) आणि खाली काळंकुळीत डांबर. "अंडरकोटिंग केलंय दादा, गंजाचं टेन्शनच नाही." मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला टांगतात त्या ब्रॅकेटजवळ, हातोडी मारली. चांगल्या लोखंडाचा ठण्ण असा आवाज येतो, इथे थप्प झालं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. गंजावरच पट्टी वेल्ड करून वरून डांबर फासलं होतं. जुन्या गाडीखालचं ताजं डांबर दिसलं की माझी पहिली शंका लपवालपवीचीच असते. चासी झाकायची नसेल तर माणूस ती धुऊन दाखवतो.

तेव्हा बघायचं कुठे? पाट्यांचे हँगर आणि शॅकल (पाट्याचं टोक धरणारा हलता दुवा), टपाचे बोल्ट बसतात ते ब्रॅकेट, मागची आडवी पट्टी, स्टिअरिंग बॉक्सचा आधार, आणि जिथे दोन पट्ट्या एकावर एक रिव्हेट केल्यात तो सांधा. सांध्यात पाणी आणि लाल माती अडकते, गंज फुगतो आणि पट्ट्या एकमेकींपासून उचलल्या जातात. वरवरचा तांबूस गंज घासला की जातो, त्याला घाबरू नका. पापुद्रे सुटत असतील तर जाडी कमी झाली असं समजा. एखाद-दुसरा हँगर वा आडवी पट्टी बदलता येते. बाजूपट्टीच ठिकठिकाणी खाल्ली गेली असेल तर हात जोडा आणि नवी गाडी बघा. देशावरच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी इथे बाजी मारते, पुळणीवर समुद्राच्या पाण्यात पळवलेली हरते.

वाकडेपणाही तपासा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चासीच्या चार ठरावीक बिंदूंवरून गवंड्याचा ओळंबा सोडा, खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन-चार मिलिमीटर सोडून द्या. बोटभर फरक आला तर ती कधीतरी जबर ठोकलेली आहे.

चासीला एवढं महत्त्व देण्याचं दुसरं कारण कागदाचं. आरसीवरचा चासी नंबर या शिडीवर कोरलेला असतो. आरटीओत पासिंगला त्याचीच पेन्सिलने छाप घेतात. त्याच घाटाचा नवा टप बसवला तरी गाडी तीच राहते. दुसऱ्या गाडीची चासी घालून जुना नंबर ठोकला तर तो सरळ गुन्हा, मग वरचं काम कितीही सुबक असो. हरियाणातल्या मंडी डबवालीहून सुट्या भागांतून जीप बांधून आणायची हौस अनेकांना असते. तिथले कारागीर हुशार आहेत, वाद नाही. पण बांधलेली जीप आणि नीट केलेली जीप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीचे कागद नेमके कुठल्या गाडीचे, हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिनची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते आणि ती सर्वांत कमी वाटायला हवी. प्युजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी असो की नंतरचं २५२३ सीसीचं डीआय, चांगला लेथवाला आणि धीराचा मिस्त्री असला की बांधून होतं. दुसरं इंजिन घालायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. "बोलेरोचं टाकलंय, पळते मस्त" एवढ्यावर गाडी घेणाऱ्यांना पुढे पासिंगला घाम फुटतो.

१५ वर्षं झाली की गाडी मोडीतच, हेही एक पालुपद. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं हा नियम दिल्ली परिसरातला. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली, पर्यावरण कर भरला, की नोंदणी ५-५ वर्षांनी वाढते. मात्र ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालंय, ते हिशेबात धरा. आणि ९५ सालची जीप कोणी 'व्हिंटेज' म्हणून गळ्यात मारत असेल तर सांगा, कायद्याने त्याला ५० वर्षं लागतात.

बाकी तुलना एका दमात उरकतो. थारला एअरबॅग, एबीएस, एसी आहे. जुनीला यातलं काही नाही, स्टिअरिंग दंडाने फिरवायचं आणि ब्रेक आधीपासून दाबायला घ्यायचा. रोज मुंबई-पुणे करायचं असेल, मागे लहान मुलं बसणार असतील, तर चासी सोन्याची असली तरी नवीच घ्या. घाटात, शेतावर, महिन्यातून चार वेळा न्यायची असेल आणि चासी खणखणीत असेल, तर मी नव्या गाडीच्या शोरूमची पायरीही चढणार नाही.

मामाच्या जीपला नवा टप बसला, नंबरवरचं वंगण डिझेलच्या फडक्याने पुसल्यावर सगळे आकडे स्वच्छ उमटले आणि पासिंग झालं. गिअरबॉक्सला नवे ऑइल सील टाकल्यामुळे आता ती थेंबभरही गळत नाही. त्यामुळे दर मे महिन्यात मामा लुंगी खोचून खाली शिरतो आणि जळकं ऑइल ब्रशने स्वतः चासीला लावतो.