मिअँडर ते स्टॉक: इंग्रजीतील संथ आणि चोरट्या चालींच्या क्रियापदांची पार्श्वभूमी

क्रीप, क्रॉल, स्नीक, स्टॉक, सॉन्टर, अँबल, लॉइटर या इंग्रजी क्रियापदांपुढे आपल्याकडच्या शब्दकोशांत बहुधा ‘सरपटणे’, ‘रेंगाळणे’, ‘लपतछपत जाणे’ असे मोजकेच अर्थ आलटूनपालटून दिलेले असतात. त्यामुळे हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. प्रत्यक्षात यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वाटेने इंग्रजीत आला आहे. येताना त्याने कुठे जमीन, कुठे जनावर, तर कुठे माणसाचा हेतू सोबत आणला आहे, आणि ते सोबतचे ओझे शेकडो वर्षांनंतरही उतरलेले नाही.

मिअँडर, म्हणजे वळणे घेत संथ जाणे, या शब्दाचे मूळ तर नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात ब्यूक मेंडेरेस नावाची नदी आहे. प्राचीन ग्रीक तिला मायान्द्रोस म्हणत. गाळाच्या सपाट खोऱ्यातून ती इतकी वळणे घेत जाते की दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराच्या काळीच कोणत्याही वाकड्यातिकड्या गोष्टीला तिचे नाव दिले जात होते. स्ट्रॅबोने तिच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. नदीने काठ कातरून शेताची हद्द बदलली की लोक नदीवरच दावा लावत, आणि ती दोषी ठरली तर दंडाची रक्कम तिच्यावरच्या होड्यांच्या उतारूंकडून मिळणाऱ्या पैशातून भरली जाई. हद्दीच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा दावा मुळीच परका वाटणार नाही. याच नदीच्या गाळाने मिलेटस हे गजबजलेले बंदर समुद्रापासून तोडले. ज्या लाडे बेटाजवळ इसवी सनपूर्व 494 मध्ये ग्रीक आणि पर्शियन आरमारांची लढाई झाली, ते बेट आज भोवताली जमीन असलेली एक टेकडी आहे. लॅटिनमार्गे हे नाव सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आले, आधी वळणाच्या अर्थाने, आणि पुढच्या शतकात त्याचे क्रियापद झाले. मिअँडर म्हणताना सपाट, मऊ जमीन गृहीत असते ती त्यामुळेच. डोंगरकड्यावर चढणाऱ्या घाटरस्त्याला हा शब्द तितकासा शोभत नाही.

घाटासाठी इंग्रजीत वाइंड, म्हणजे वळत जाणे, हे जुने जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्या कुळातले, क्रियापद आहे. वॉन्डर आणि वेंड ही त्याचीच भावंडे. यातले वेंड, म्हणजे वाट चालणे, आज जवळपास कवितेपुरते उरले असले, तरी त्याचा भूतकाळ रोजच्या बोलण्यात ठाण मांडून बसला आहे, कारण गो या क्रियापदाने आपले जुने भूतकाळी रूप टाकून पंधराव्या शतकापर्यंत वेंडचे वेन्ट हे रूप उचलले. शाळेत ‘गो-वेन्ट-गॉन’ घोकताना हा बेबनाव प्रत्येकाला खटकलेला असतो. त्यामागचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जमिनीलगतच्या हालचालीत क्रीप हा अस्सल जुन्या इंग्रजीचा शब्द आहे, तर क्रॉल नवव्या शतकापासून इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून आला असावा. त्यांच्या भाषेतील क्राफ्ला म्हणजे हातांनी, नखांनी ओरबाडत पुढे सरकणे. म्हणूनच रांगते मूल क्रॉल करते, पण भिंतीवर चढणारा वेल क्रीप करतो. वेलाला हातपाय नाहीत. लपून राहणे या अर्थाचा स्कल्कही त्याच उत्तरेकडच्या बोलींतून आला. सापाच्या चालीबाबत मराठी वाचकाला एक जवळचे नाते सापडते. संस्कृत ‘सृप्’ धातूवरून सर्प हा शब्द आला, ‘सरपटणे’ही त्याच घरातले. लॅटिन सेर्पेरे आणि ग्रीक हेर्पेइन ही त्याच मुळाची रूपे आहेत. संस्कृतातला आरंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो, जसे सप्त आणि हेप्टा. इंग्रजीतील सर्पंटाइन हे विशेषण आणि कातडीवर पसरत जाणाऱ्या हर्पिस या रोगाचे नावही तिथूनच आले.

रमतगमत चालण्याच्या शब्दांभोवती दंतकथा फार जमल्या. अँबल ही मुळात घोड्याची चाल आहे, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलण्याची, स्वाराला न हिंदकळवणारी. लॅटिन अँब्युलारे, म्हणजे चालणे, यावरून तो शब्द आला आणि पुढे माणसांना लागला. सॉन्टरविषयी मात्र सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात अशी व्युत्पत्ती दिली की पवित्र भूमीच्या, फ्रेंचमध्ये सँत तेरच्या, यात्रेला निघाल्याचे सांगून भीक मागणाऱ्या रिकामटेकड्या लोकांवरून तो पडला. अमेरिकन लेखक थोरो यानेही चालण्यावरील 1862 च्या निबंधात ती आनंदाने स्वीकारली. रोम या शहराच्या नावावरून रोम, म्हणजे भटकणे, हे क्रियापद आले अशीही समजूत आहे. भाषाशास्त्रज्ञ दोन्ही मान्य करत नाहीत. सॉन्टरशी जुळणारे मध्ययुगीन रूप विचारात हरवून जाणे या अर्थाचे आहे, आणि मला ते यात्रेच्या कथेहून अधिक पटते, कारण आजही सॉन्टर करणाऱ्याचे चित्त पायांकडे नसते. लॉइटरचे मूळ डच आहे. तेथे ते हलणाऱ्या दातासारखे सैल डुगडुगण्याला वापरत.

चोरट्या चालीत सर्वांत जुने घराणे स्टीलचे. चोरी करणे आणि गुपचूप सरकणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच क्रियापदात मध्ययुगापासून नांदत आहेत. मराठीतही चोरपावले, चोरवाट, अंग चोरणे यांत काहीही चोरीला गेलेले नसते. दोन्ही भाषांनी हा अर्थ स्वतंत्रपणे गाठला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या स्नीकचे मूळ वादग्रस्त आहे, पण त्याचे वर्तन लक्षणीय आहे. क्रीपने मध्ययुगात स्वर बदलणारा जुना भूतकाळ सोडून क्रेप्ट हे रूप घेतले, तर स्नीकने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उलट वाट धरून नियमित स्नीक्डशेजारी स्नक हे रूप उभे केले.

स्टॉक हे स्टीलचेच अपत्य. टेलपासून टॉक व्हावे तसे शेवटी ‘क’ लागून ते पुन्हापुन्हा केलेल्या क्रियेचे क्रियापद झाले. आधी दबकत चालणे, मग सावजाच्या मागे दबकत जाणे, आणि विसाव्या शतकात माणसाने माणसाचा पिच्छा पुरवणे असा त्याचा अर्थ सरकत गेला. 1990 मध्ये कॅलिफोर्नियाने या कृत्याविरुद्ध कायदा केला. भारतात 2013 च्या दुरुस्तीने दंडसंहितेत कलम 354 ड आले, आणि भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 78 आहे. स्त्रीच्या इंटरनेटवरील वावरावर पाळत ठेवणेही त्यात येते, म्हणजे मुळात पावलांचा असलेला हा शब्द आता एकही पाऊल न टाकणाऱ्याला लागू होतो. मराठीत आपण त्यासाठी ‘पाठलाग’ म्हणतो. त्या शब्दात मागे लागणे येते, दबा धरणे मात्र येत नाही.