भारत स्टेज ६ इंधन

भारत स्टेज ६ (बीएस-६) हे वाहनांचा धूर आणि त्यांचे पेट्रोल-डिझेल यांचे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू आहे. बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. बीएस-४ मध्ये ते ५० आणि बीएस-६ मध्ये १० वर आले.

गंधक जळून सल्फर डायऑक्साइड आणि सल्फेटचे बारीक कण तयार होतातच. शिवाय ते धुराच्या नळीतील उत्प्रेरकाच्या प्लॅटिनमवर बसून त्याला निकामी करते. म्हणून आधी इंधन स्वच्छ करावे लागले, मगच धुरातील कण अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी एससीआर यंत्रणा टिकू शकली. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅम, कणांची २५ वरून ४.५ मिलिग्रॅम झाली. जुन्या ट्रकमध्ये नवे डिझेल भरले, तर गंधकाचा धूर घटतो; काजळी फारशी घटत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. रस्त्यावरची धूळ, जालन्याच्या पोलाद भट्ट्या, शेतात पेटवलेले उसाचे पाचट यांवर इंधनाचा उपाय चालत नाही. ट्रॅक्टरांचे नियमही वेगळे: १ जानेवारी २०२३ पासूनचे कडक ट्रेम-४ (ट्रॅक्टरांच्या धुराचे मानक) फक्त ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना लागू झाले, आणि शेतात बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान असतात. ही मोठी उणीव आहे.

मोंढा ते गाव अशा थोड्या अंतराच्या, संथ फेऱ्यांत डीपीएफ पुरेसा तापत नाही, अडकलेली काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागताच गाडी महामार्गावर १५-२० मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी. दुर्लक्ष केल्यास फिल्टर काढूनच साफ करावा लागतो.

एससीआरला लागणारे डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के शुद्ध युरिया. खताचा युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून ते घरी बनवू नये. त्या युरियावरचा कडुनिंबाच्या तेलाचा लेप आणि बोअरचे क्षार यांमुळे नोझल पांढऱ्या खड्यांनी बुजते, उत्प्रेरक कायमचा खराब होतो. बंद कॅन २५ अंशांवर सुमारे १८ महिने टिकतो, ३५ अंशांवर जेमतेम ६. एप्रिल-मेमध्ये पारा ४० ओलांडतो, तेव्हा कॅन पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घराच्या थंड खोलीत ठेवावा.