शिट्टीविना कुकर : पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरात इलेक्ट्रिक कुकर आला की वाद वीजबिलावरून फारसा होत नाही. तो होतो शिट्टीवरून. 'तुरीला तीन, राजम्याला सहा' हे ज्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे, तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: याला शिट्ट्या किती द्यायच्या? याला शिट्टी होतच नाही म्हटलं, की मग डाळ शिजली हे कळणार कसं?

या भांड्याचा वंश दुहेरी आहे. दाबाखाली शिजवणारं घट्ट झाकणाचं भांडं १६७९ मध्ये लंडनमध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. जादा वाफ सोडून देणारी झडपही त्याचीच. दुसरी बाजू जपानची. तिथे १९५५ मध्ये आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर बाजारात आला. बाहेरच्या भांड्यातलं पाणी आटलं की तापमान शंभराच्या वर सरकतं आणि खटका पडतो, एवढीच त्यातली युक्ती. दोहोंची सांगड घातलेल्या विजेच्या प्रेशर कुकरचं पेटंट १९९१ मध्ये चीनमध्ये दाखल झालं. २०१० मध्ये एका कॅनडियन कंपनीने त्यात वेगवेगळ्या पदार्थांची बटणं बसवून तो 'इन्स्टंट पॉट' म्हणून विकायला काढला. आज कोणत्याही कंपनीचं भांडं असलं तरी बोलण्यात नाव तेच येतं.

आपल्याकडचा गॅसवरचा कुकर १९५९ च्या सुमारास बनू लागला. सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एकीचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच आहे, म्हणजे कुकर हा ठाणेकरांना परका विषय नाही. खाली हळद-हिंग घातलेलं वरण, वर भात, जमलं तर त्यावर बटाटे असा डब्यांचा मजला चढवणं म्हणजेच 'कुकर लावणं'. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

सांगायला हवं ते शिट्टीबद्दल, कारण या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. 'शिट्टी काढून धू' म्हणताना शिट्टी म्हणजे झाकणावरचं वजन. 'शिट्टी झाली' म्हणताना ती आवाज. आणि 'तीन शिट्ट्या दे' म्हणताना ती चक्क वेळेचं माप. पहिल्या दोन अर्थांना माझी हरकत नाही. घोळ सगळा तिसऱ्यात आहे. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं, वाफ सुटते आणि वजन परत बसतं. शिट्टी एवढंच सांगते. ती किती वेळाने होणार हे आच, कुकरचं माप, आतलं पाणी आणि अन्न यांवर ठरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत आटोपतात, बारीक आचेवर त्याच तीन पाव तास घेतात. तरी घरोघरी हिशेब जमतो, कारण तीच शेगडी, तोच कुकर, तेच दोन डबे आणि आच ठेवणारा हातही तोच. आईच्या तीन शिट्ट्या सुनेच्या घरी कच्च्या निघतात त्या यामुळेच. काही कुकरसोबतच्या पुस्तिकांत पूर्ण दाब आल्यानंतरची मिनिटंच दिलेली असतात, पण ती पुस्तिका वाचतो कोण.

इलेक्ट्रिक कुकरात दाब वाढला की वजन उडायच्या आधीच हीटर थांबतो, दाब उतरला की पुन्हा चालू होतो. झाकणावर वाफ सोडायचा एक नॉब असतो, तो सैल हलतो. नवीन माणसाला वाटतं, भांडं खराब आलं. पण तो तसाच असतो. वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून पाणीही आटत नाही. गॅसच्या सवयीने पाणी घातलं की वरणाचं सार होतं, ते यामुळे.

याच ठिकाणी तो निर्णय आला जो मला आजही चुकीचा वाटतो: शिट्टीचं मिनिटांत भाषांतर करण्याचा. 'एक शिट्टी म्हणजे तीन मिनिटं' हे सूत्र कोणी पहिल्यांदा मांडलं कोण जाणे, पण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत ते आरतीसारखं फिरलं. बाजूने बोलणारे म्हणतात, नवख्याला सुरुवातीला काहीतरी आधार हवा. मान्य. पण ज्याला मुळात ठरलेली लांबी नाही, त्याला तीनने गुणून हाती काय येणार? शिवाय दाबही सारखा नाही. गॅसवरचा कुकर साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाला, म्हणजे १२० अंशांच्या आसपास शिजवतो. बरेचसे इलेक्ट्रिक कुकर ११५ ते ११८ अंशांवर थांबतात. छोले-राजम्याला हा फरक जाणवतो. खोटेपणा दुसऱ्या बाजूनेही आहेच. जाहिरातीतली 'आठ मिनिटं' दाब आल्यानंतर मोजलेली असतात. आधी दाब यायला दहा-पंधरा मिनिटं आणि नंतर वाफ जिरायला तेवढीच, हे त्यात धरलेलं नसतं.

इकडे ही भांडी आधी आली ती अमेरिकेतल्या मुलांच्या बॅगांतून. ती ११०-१२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टवर लावली की जवळजवळ पावणेचारपट वीज खेचतात आणि जळतात. नेरुळच्या आमच्या इमारतीत असा एक कुकर पहिल्याच भाताला गेला. व्होल्ट उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

खरी मागणी वाढलेली मी पाहिली ती २०२० च्या टाळेबंदीत. मार्चअखेर सोसायट्यांनी स्वयंपाकाच्या मावशींना गेटवरच थांबवलं, आणि घरून काम करणाऱ्यांना लावून विसरता येईल असं भांडं हवं झालं. शिट्ट्या मोजायला ओट्यापाशी उभं राहणारं माणूसच उरलं नव्हतं, हे या खरेदीमागचं कारण मला चवीपेक्षा मोठं वाटतं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या आणि विजेवर लावलेले कुकर अर्धकच्चे राहिले. त्या दिवशी जुन्या कुकरवाल्यांनी मिरवून घेतलं. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि २०२२ मध्ये त्याविना कुकर विकल्याबद्दल ऑनलाइन विक्रेत्यांना दंडही झाले.

'इन्स्टंट पॉट'वाल्या कंपनीने जून २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. खप ओसरला होता. शिवाय असलं भांडं एकदा घेतलं की वर्षानुवर्षं दुसरं घ्यावं लागत नाही. लागते ती रिंग. सिलिकॉनची रिंग वास धरते, आणि बोंबलाच्या कालवणानंतर त्याच रिंगेत खीर केली तर घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. आमच्याकडे आता दोन रिंगा आहेत. मासळीच्या रिंगेला लाल दोरा बांधलाय.