हिरडीला धातू सोसत नाही की कॅपची कड?

दातावरच्या कॅपभोवतीची हिरडी लाल झाली, ब्रश लागताच रक्त आलं, की निदान तयार असतं: "धातू सोसला नाही." मग शाबूत कॅप कापून झिर्कोनियाची, म्हणजे धातूविना पांढऱ्या सिरॅमिकची, बसवतात. हे ऐकून मी खरंच थकले आहे.

निकेलची ॲलर्जी असते, नक्की असते. खोट्या कानातल्यांनी ज्यांची पाळी खाजते त्यांना ती सांगायला नको. निकेल-क्रोमच्या कॅपमध्ये तेच निकेल असतं. शंका असेल तर पॅच टेस्ट करावी, म्हणजे त्वचेवर निकेलची पट्टी चिकटवून बघावं; पट्टी ४८ तासांनी काढतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात.

बहुतेकदा दोष कडेचा असतो. कॅप आणि दात जिथे भेटतात तिथे पायरी राहिली किंवा सिमेंटचा कण अडकला, की जंतूंचा थर साचतो. तिथे फ्लॉस अडकतो, त्याचे धागे सुटतात. लाली फक्त दोन दातांच्या फटीत असेल आणि जिभेकडची हिरडी, उघडा धातू टेकूनही, गुलाबी असेल, तर धातूला दोष देणं मला पटत नाही.

खरी फसगत मात्र वेगळीच. कड गुळगुळीत, सफाई चोख, तरी हिरडी महिनोन्‌महिने लाल! इथे भलेभले ॲलर्जी म्हणून मोकळे होतात. हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. हाडाच्या काठापासून साधारण २ मिलिमीटरच्या पट्ट्यात ती दाताला चिकटलेली असते आणि त्यापुढे छोटीशी मोकळी खाच असते. कड खाचेत राहिली तर चालतं. दात फार खोल किडलेला किंवा तुटलेला असला, की कड त्या चिकटलेल्या पट्ट्यात घुसते. मग हिरडी सुजतच राहते, कधी हाड झिजून मागे हटतं. कॅप झिर्कोनियाची करा नाहीतर सोन्याची, कड तिथेच असते. एक्स-रेमध्ये दातांच्या फटीपाशी कड आणि हाड यांतलं अंतर बघावं. ते २ मिलिमीटरही नसेल तर मी आधी कडेचाच विचार करते. उपाय म्हणजे थोडी हिरडी आणि हाड कमी करून दात उघडा करणं, किंवा तारेने दात हळूहळू बाहेर ओढणं. नवी कॅप त्यानंतर.

आणि ती काळी रेघ? पोर्सिलेनखालच्या धातूची कड हिरडी मागे सरकल्यावर दिसते, इतकंच. रेघ म्हणजे रोग नव्हे.

माझ्याकडे एक बाई आल्या तेव्हा त्याच दाढेवर तिसरी कॅप होती: आधी धातू, मग दोनदा झिर्कोनिया. हिरडी तिन्ही वेळा जांभळट लाल. एक्स-रेमध्ये कड जवळजवळ हाडाला टेकलेली. हाड थोडं कमी केलं, हिरडी भरून येऊ दिली, आणि त्यांना समजावून पुन्हा धातूचीच कॅप बसवली. काही महिन्यांनी कडेने प्रोब (हिरडी तपासायची बारीक सळई) फिरवला, रक्ताचा थेंब आला नाही.